पार्टीत हीलर कोण होणार? डी अँड डीच्या नव्या खेळाडूंसाठी कामवाटप आणि कुरबुरी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट खेळायची, या खेळाचे नियम एका दुपारात निम्मेअधिक कळतात. फासा टाकायचा, बेरीज करायची, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) काय म्हणतो ते ऐकायचं. ड्रॅगननं खाल्लेल्या पार्ट्या (खेळाडूंच्या टोळ्या) मी फारशा पाहिलेल्या नाहीत. रुसव्याफुगव्यांनी मोडलेल्या मात्र बऱ्याच पाहिल्या. एक जण म्हणतो, "या रविवारी जमत नाही रे." पुढच्या रविवारीही त्याला जमत नाही. मग तिसऱ्याकडून कळतं की त्याच्या मनात कधीपासून 'मीच का नेहमी?' चालू होतं.

चार-पाच मित्र, एक डीएम आणि पहिलीच मोहीम असेल, तर पुढच्या पायऱ्या सुरुवातीलाच उरकून घ्या. आकडे पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत महत्त्वाचा फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

जवळ काय काय हवं

- प्रत्येकाला फाशांचा एक संच: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे, शिवाय टक्केवारीचा एक. फोनवरचं ॲपही चालतं, पण टेबलावर फासा घरंगळताना बघण्याची मजा त्यात नाही.
- कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद), पेन्सिल आणि खोडरबर. पेनाने हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) लिहू नका.
- नियम. मूळ नियमांचा मोठा भाग एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) नावाने २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. सुरुवातीला तेवढं पुरतं, पहिल्याच दिवशी महागडी पुस्तकं घ्यायची गरज नाही.
- सगळ्यांना उघडता येईल अशी एक शीट, लुटीच्या हिशेबासाठी.
- एक कोरा कागद. पायरी १ मध्ये लागेल.

## १. क्लास निवडण्याआधी कामं वाटा

पहिल्या बैठकीत, जिला सेशन झीरो म्हणतात, सगळे क्लासच्या, म्हणजे पात्रांच्या पेशांच्या, याद्या उघडून बसतात आणि 'मी रेंजर', 'मी वॉरलॉक' असे दावे सुरू होतात. शेवटी जो कमी बोलतो त्याला सांगितलं जातं, "मग तू क्लेरिक घे ना, कुणीतरी हवाच." क्लेरिक म्हणजे दैवी जादूने जखमा भरणारा, नेहमीचा हीलर. पुढच्या भांडणाचं बी इथेच पडतं.

याला खेळाचा इतिहासही थोडा जबाबदार आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला तेव्हा क्लास तीनच होते: लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक. चोर १९७५ च्या पुरवणीत आला. तेव्हापासून 'चौघं असले की पार्टी पूर्ण' हे गणित डोक्यात बसलं ते बसलंच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर अशा चार भूमिका छापूनच दिल्या. पाचव्या आवृत्तीने ती लेबलं काढून टाकली. आता मुख्य पुस्तकात १२ क्लास आहेत आणि बहुतेक कामं एकाहून जास्त क्लासना जमतात. क्लेरिक नसलेली पार्टी मजेत चालते.

म्हणून कोऱ्या कागदावर क्लास लिहू नका, कामं लिहा: पुढे उभं राहून मार खाणं, पडलेल्याला उठवणं, एकाच शत्रूला जोरात मारणं, घोळक्याला आवरणं, कुलपं आणि सापळे बघणं, पुढे जाऊन टेहळणी, राजदरबारात बोलणं, जुन्या लिप्या आणि दंतकथा माहीत असणं. त्याखाली टेबलाबाहेरची कामं लिहा: नोंदी ठेवणं, लुटीचा हिशेब, तारीख ठरवण्यासाठी ग्रुपवर सगळ्यांच्या मागे लागणं आणि घर देणं. ही शेवटची चार कुणीच लिहीत नाही आणि सगळ्यात जास्त धुसफूस त्यांचीच असते. दर वेळी ज्याच्या घरी जमता, तोच चहा करतो, त्याचीच आई पोहे करते आणि तुम्ही गेल्यावर फरशीवरचा चिवडा तोच झाडतो. घर फिरतं ठेवा. ते जमत नसेल तर खाणं बाकीच्यांनी आणायचं.

आता प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. एक काम जे मला मनापासून करायचंय. एक काम ज्याला वेळ पडली तर हात लावेन. आणि एक काम जे मी करणार नाही. तिसरं उत्तर सगळ्यात उपयोगी असतं. एखादं काम कुणालाच नको असेल तर ते कुणाच्या गळ्यात मारू नका, डीएमला सांगा. कुलपं उघडणारं कुणी नसेल तर डीएम किल्ल्या जरा हाताशी ठेवेल. दरबारात बोलणारं कुणी नसेल तर दरबारच कमी येतील. मोहीम पार्टीप्रमाणे वाकवता येते.

## २. हीलरचा प्रश्न आधी मिटवा

सगळ्यात जास्त जीव इथेच अडकतो, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. पाचवी लेव्हल, अरुंद भुयार, समोर ओगर (धिप्पाड राक्षस). आमच्या क्लेरिकने आधीच्या फेरीपासून स्पिरिट गार्डियन्सची तयारी केली होती. स्वतःभोवती १५ फुटांत आत्मे फिरतात आणि आत येणाऱ्याला ३ डी ८ (आठ बाजूंचे तीन फासे) इजा, असा तो दणदणीत स्पेल, म्हणजे मंत्र. तिची पाळी आली आणि फायटर म्हणाला, "मला हील कर ना."

"तुझे सात हिट पॉइंट आहेत अजून."

"म्हणून तर म्हणतोय!"

ती काही बोलली नाही. पेन्सिलने स्लॉटच्या (प्रत्येक स्पेलला एक खर्च होतो, ते मोजके असतात) चौकटीवर काट मारली, फासा टाकला आणि पाळी संपल्यावर फोन उघडून बसली. पुढची लढाई होईपर्यंत तिने मान वर केली नाही. स्लॉट तिचा, पाळी तिची, पण ती कशी वापरायची हे फायटरने ठरवलं. तिचा राग याच गोष्टीचा होता.

गंमत म्हणजे फायटरचं म्हणणं हिशेबातही बसत नाही. २०१४ च्या नियमांत पहिल्या पातळीचा क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा स्पेल १ डी ८ अधिक मॉडिफायर (पात्राच्या गुणावरून मिळणारा जादा आकडा) परत देतो. मॉडिफायर तीन धरला तर सरासरी साडेसात. ओगरच्या सोट्याचा एक फटका सरासरी तेरा. म्हणजे ज्याच्यासाठी क्लेरिकची सगळी पाळी गेली, ते ओगर एका फटक्यात काढून घेणार आणि वर आणखी पाच. २०२४ मध्ये हा स्पेल २ डी ८ झालाय, सरासरी बारापर्यंत जातो, तरीही तो फटक्याच्या मागेच राहतो. पाचव्या आवृत्तीत लढाई चालू असताना भरत बसणं बहुधा तोट्याचंच. समोरचा लवकर आडवा करणं हाच मोठा उपचार.

हीलिंग खरं कामाला येतं ते माणूस शून्यावर गेल्यावर. शून्यावर पडलेला प्रत्येक पाळीला २० बाजूंचा फासा टाकतो: दहा किंवा वर आलं की यश, खाली आलं की अपयश. तीन यशं म्हणजे स्थिर, तीन अपयशं म्हणजे मरण. एक पडला तर दोन अपयशं धरतात, वीस पडला तर तो एका हिट पॉइंटवर उठून बसतो. पडलेल्याला उठवायला एकच हिट पॉइंट पुरतो. म्हणूनच हीलिंग वर्ड हा स्पेल लाख मोलाचा: ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) होतो आणि त्याच पाळीत क्लेरिकला हत्यार चालवता येतं किंवा एखादी कँट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल) टाकता येते.

तेव्हा हे चार नियम कागदावर उतरवा:

- उभ्या असलेल्या माणसाने हीलिंग मागायचं नाही. स्वतःचे हिट पॉइंट किती उरलेत एवढं सांगायचं. पुढचं क्लेरिक ठरवेल.
- प्रत्येकाच्या पिशवीत हीलिंग पोशनची एक तरी बाटली. ५० सुवर्णमुद्रांना मिळते, २ डी ४ अधिक २ देते. २०१४ मध्ये ती प्यायला पूर्ण ॲक्शन लागते, २०२४ मध्ये बोनस ॲक्शनमध्ये भागतं.
- क्लेरिक सोडून आणखी एकाकडे हीलर्स किट हवं. पाच मुद्रा, दहा वेळा वापर. माणूस उठत नाही, पण मरण टळतं.
- लढाई संपल्यावर आधी शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेऊन आपापले हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट परत देणारे फासे) वापरायचे, मगच स्लॉट मागायचे.

एवढ्यावरही कुणी 'तू क्लेरिक आहेस ना?' असं म्हणालाच, तर त्याला विचारा की पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) हातात इतरांना द्यायला लेव्हलच्या पाचपट हिट पॉइंट असतात, बार्ड (गाणारा जादूगार) आणि ड्रुइडलाही (निसर्गाची जादू करणाऱ्यालाही) हीलिंग वर्ड येतो, मग त्यांना कुणी का विचारत नाही.

## ३. टेहळणीला एकट्याला किती वेळ, ते ठरवा

चोरट्या वळणाचा क्लास, म्हणजे रोग (इंग्रजीत rogue), घेणाऱ्याला पुढे जाऊन डोकवायचं असतं. त्यात वावगं काही नाही, त्याचं कामच ते. पण तो आणि डीएम दोघंच अर्धा तास बोलत बसतात आणि बाकीचे समोसे संपवतात. तीन-चार फाशांत टेहळणी उरका, मग डीएमने कॅमेरा परत सगळ्यांवर आणावा.

उलट बाजूची कुरबूर चिलखतवाल्याची. चेन मेल किंवा प्लेट घातली की लपताना दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. मग 'तुझ्यामुळे पकडलो गेलो' हे दर वेळी ऐकावं लागतं. २०१४ च्या नियमांतला ग्रुप चेक यासाठीच आहे: सगळ्यांनी फासा टाकायचा, निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले तर अख्खी पार्टी यशस्वी. डीएमला हा नियम आठवण करून द्या, बरेच जण विसरतात.

## ४. झोपायचं कधी, यावर एकमत करा

नव्या खेळाडूंना हे भांडण समजतच नाही, कारण ते नियमात दडलेलं असतं. पाचव्या लेव्हलच्या वॉरलॉककडे (करारातून जादू मिळवणाऱ्याकडे) दोनच स्पेल स्लॉट, पण तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर दोन्ही परत. त्याच लेव्हलच्या विझार्डकडे (वहीतून जादू शिकणाऱ्याकडे) नऊ, पण ते आठ तासांच्या लाँग रेस्टनंतर. दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टला थोडे परत मिळतात तेवढेच. फायटरचा ॲक्शन सर्ज (एका पाळीत जादा कृती) शॉर्ट रेस्टला भरतो, बार्बेरियनचा रेज (लढाईतला उन्माद) २०१४ च्या नियमांत लाँग रेस्टला.

परिणाम असा होतो: पहिल्याच लढाईत विझार्ड सगळं उधळतो, हिरो ठरतो आणि म्हणतो, "चला, झोपूया." फायटर म्हणतो, "आत्ता तर सकाळचे दहा वाजलेत." वॉरलॉक तासभर बसूया म्हणतो, त्याला वेळ नाही असं सांगतात. रोज असंच चाललं तर विझार्डच प्रत्येक लढाई मारून नेतो आणि फायटरला वाटतं, आपण सामान उचलायला आलोय.

तोडगा सोपा. शॉर्ट रेस्ट कुणीही एकाने मागितला तरी घ्यायचा, गोष्टीत खरंच घाई असेल तेव्हाच नाही म्हणायचं. लाँग रेस्टसाठी बहुमत हवं, शिवाय तो २४ तासांत एकदाच मिळतो. डीएमनेही हात लावावा: शत्रूही त्या आठ तासांत काहीतरी करत असतो. विझार्डला एकदा कळलं की दुपारी अजून एक लढाई आहे, तर तो फायरबॉल जपून वापरायला शिकतो.

फायरबॉल निघालाच आहे तर लगेच सांगून टाकतो: त्याची त्रिज्या २० फूट आहे, म्हणजे पाच फुटी चौकटींच्या नकाशावर आठ चौकटी रुंद. ८ डी ६, सरासरी २८. त्यात तुमचा मित्र उभा असेल तर आधी त्याला विचारा. इव्होकेशन शाखेच्या विझार्डला आपली माणसं वगळता येतात, बाकीच्या विझार्डना नाही.

## ५. लूट वाटण्याचा नियम पहिली मोहोर मिळण्याआधी लिहा

खजिना समोर आल्यावर केलेला नियम नेहमी कुणाच्या तरी फायद्याचा वाटतो. त्यामुळे हा भाग आधीच, कोरडेपणाने उरकायचा.

नाण्यांचे खेळाडूंपेक्षा एक वाटा जास्त करा. चौघं असाल तर पाच. पाचवा वाटा पार्टीचा. ट्रेकला काँट्री काढतो तसंच हे, फक्त इथे पैसे आधी जमा होतात. या फंडातून काय येणार तेही लिहा, कारण इथेच क्लासनिहाय अन्याय लपलेला असतो. रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला एका मिनिटाच्या आत परत आणणारा स्पेल ३०० मुद्रांचा हिरा खाऊन टाकतो. हिरा क्लेरिकने स्वतःच्या वाट्यातून घ्यायचा आणि जीव फायटरचा वाचायचा, हे किती दिवस चालेल? हिरा फंडातून. पोशन फंडातून. मरणारा कोण असेल ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून वाद होत नाही.

विझार्डचा स्पेल वहीत उतरवण्याचा खर्च मात्र वादाचा असतो: स्पेलच्या प्रत्येक पातळीला ५० मुद्रा आणि दोन तास. तिसऱ्या पातळीचा एक स्पेल म्हणजे १५० मुद्रा. तो अख्ख्या पार्टीच्या कामाचा असेल तर अर्धे फंडातून, विझार्डची हौस असेल तर त्याचे तो देईल. फायटरचं प्लेट आर्मर १,५०० मुद्रांचं. माझ्या मते ते पैसे फंडातून उसने द्यावेत, सगळ्यांचा मार तोच खातो. पण हप्ते शीटवर लिहा. 'देईन रे' वर सोडू नका.

जादुई वस्तूंसाठी 'कुणाला सगळ्यात जास्त उपयोग' हा निकष कानाला छान लागतो, पण फसवा आहे. चांगल्या तलवारीचा उपयोग नेहमी फायटरलाच जास्त. मग बार्डच्या पिशवीत महिनोन्महिने काही येत नाही. त्यापेक्षा क्रम लावा: वस्तू घेतली की तुम्ही रांगेच्या शेवटी. पुढच्याला नको असेल तर तो पाळी सोडतो, त्याची जागा तशीच राहते. शिवाय अट्यूनमेंट (वस्तूशी खास नातं जोडणं) लागणाऱ्या वस्तू एका वेळी तीनच वापरता येतात, त्यामुळे ज्याच्या तीन झाल्या त्याने चौथी साठवून ठेवायची नाही.

नेहमीचा सापळा: सगळे पुढच्या खोलीत असताना रोग गुपचूप पेटी उघडतो आणि डीएमला चिठ्ठी देतो, 'माणिक मी ठेवला'. पहिल्यांदा सगळे हसतात. कळल्यावर कुणी हसत नाही. पार्टीकडून चोरी नाही, हा नियम लिहून सगळ्यांकडून होकार घ्या. ज्याला हे बंधन नकोसं वाटतं, त्याला शत्रूकडून हवं तेवढं चोरता येतं.

## ६. 'माझं कॅरेक्टर असंच वागेल' याला मर्यादा घाला

आपसातलं भांडण खेळायला मजा येते. बटूचा (ड्वार्फचा) आणि एल्फचा वाद सेशनभर रंगू शकतो. अट एकच: ज्याच्यावर होणार आहे त्याने, म्हणजे खेळाडूने, आधी हो म्हटलेलं असावं. पार्टीतल्या माणसावर हल्ला, त्याच्यावर मनावर ताबा मिळवणारा स्पेल, त्याचं गुपित फोडणं, यांपैकी काहीही करण्याआधी टेबलावर सरळ विचारा, "चालेल का?" नाही म्हटलं तर नाही.

'पण माझं कॅरेक्टरच तसं आहे' हे उत्तर मान्य करू नका. ते कॅरेक्टर तुम्हीच लिहिलंय. एकलकोंडा, कुणावर विश्वास न ठेवणारा वगैरे नायक सगळ्यांनाच आवडतो. त्याला या चार जणांबरोबर राहायचं एक कारणही लिहून द्या, म्हणजे झालं.

दुसऱ्याची पाळी खेळणाऱ्यालाही आवर घाला. ज्याला नियम जास्त येतात तो "तू तिकडे जा, हा स्पेल टाक, नाही नाही, तो नको" असं सुरू करतो. हेतू मदतीचा असतो, पण नवा खेळाडू हळूहळू नुसता फासे टाकणारा उरतो. विचारल्याशिवाय सल्ला नाही. कॅरेक्टर ओरडून सांगू शकतं, तेही एका वाक्यात.

## ७. बोलणारा एकच नसावा

बार्डचा करिष्मा सगळ्यात जास्त, म्हणून सरदाराशी, दुकानदाराशी, भुताशी तोच बोलतो. बाकीचे दोन लढायांच्या मधे प्रेक्षक. बार्डच्या खेळाडूला आपण टेबल खातोय हे बऱ्याचदा कळतही नाही. मदतीचा नियम वापरा: फायटर बोलतो, बार्ड शेजारी उभा राहून हेल्प करतो, फायटर दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो. डीएमने प्रश्नच नाव घेऊन विचारावा. "देवळाच्या पुजाऱ्याला क्लेरिकशी बोलायचंय" एवढं पुरतं.

## ८. कुरबूर आली की कुठे, कुणाशी, कधी

आधी ती कॅरेक्टरची आहे की माणसाची ते ओळखा. बटूला एल्फचा राग आलाय, तर तो खेळात दाखवा. तुम्हाला मित्राचा राग आलाय, तर बटूच्या तोंडून टोमणे मारू नका, ते सगळ्यांना कळतं. आपल्याकडे समोरासमोर बोलायचा संकोच असतो, मग टोमणे ग्रुपवर येतात आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर. तसं करू नका. त्या व्यक्तीला फोन करा. तरीही जमलं नाही तर डीएमला सांगा. राग डीएमवरच असेल तर तोही त्यालाच, पण सेशनच्या मधे नाही.

बोलताना घडलेली गोष्ट सांगा. 'तुम्ही सगळे मला गृहीत धरता' यावर फक्त वाद होतो. 'मागच्या लढाईत माझ्या तीनही पाळ्या हीलिंगमध्ये गेल्या, मला स्पेल टाकता आला नाही' यावर काहीतरी करता येतं. दर चार-पाच सेशननंतर दहा मिनिटं काढून पायरी १ चा कागद पुन्हा वाचा. ज्याने सुरुवातीला हौसेने नोंदी घेतल्या, त्याला आता कंटाळा आला असेल.

कुणाला क्लास बदलावासा वाटला तर बदलू द्या. डीएमने लेव्हल तीच ठेवावी. नव्या कॅरेक्टरला पहिल्या लेव्हलवर पाठवणं ही शिक्षा आहे. जुन्या कॅरेक्टरकडच्या वस्तूंचं काय ते आधी ठरवा, नाहीतर एकच माणूस दोन वाटे घेऊन बसतो. फंडातून किंवा रांगेतून आलेलं परत पार्टीत, कथेत त्याला व्यक्तिशः मिळालेलं त्याच्याबरोबर.

कुणी पार्टी सोडून गेलाच, तरी हाच नियम. त्याचं कॅरेक्टर सूड म्हणून मारू नका. गावी शेती बघायला पाठवा, मठात ठेवा, जहाजावर चढवा. तारीख ठरवायच्या ग्रुपमधून त्याला लगेच काढून टाकू नका, त्यालाच विचारा. आणि हिशेबाच्या शीटवर त्याचं काही देणं उरलं असेल तर खोडून टाका.